सूत्र पाठ, अटी गायब

पावसाळ्यात सांगलीत एक गणित घरोघरी घातलं जातं. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी येते, आकडा क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) असतो, आणि चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट चढणार? मग कुणीतरी मागच्या खेपेचा आकडा उकरून काढतं. तेव्हा एवढे क्युसेक सोडले आणि एवढे फूट झाले, आता दुप्पट सोडलेत, म्हणजे... झालं, त्रैराशिक मांडून मोकळे. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हेही कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही.

त्रैराशिक दर वर्षी चुकतं. ते का चुकतं हे नेमकं सांगता येणं, हेच सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं काम आहे. आपल्याकडं या विषयाबद्दल दोनच समज चालतात. एक म्हणजे कृष्णविवरं, विश्वाची उत्पत्ती, समांतर विश्वं असलं काहीतरी, रात्री मोबाइलवर बघायचं आणि झोपायचं. दुसरा म्हणजे फार अवघड गणित, जे पुण्या-मुंबईच्या संस्थांमधल्या लोकांनी करावं. सातारा-सांगलीच्या पोरांनी सीईटी द्यावी आणि इंजिनिअरिंगला जावं. दोन्ही समजांनी नुकसान केलंय. पण त्याहून मोठं नुकसान आपल्या अकरावी-बारावीच्या शिकवण्यानं केलंय, कारण तिथं भौतिकशास्त्रातून सिद्धांत काढून फक्त सूत्रं ठेवली गेली. सूत्राला अटी असतात. त्या अटी ठरवणं, त्यांतून सूत्र काढणं आणि अट मोडली की उत्तर किती बिघडतं ते सांगणं, एवढं सगळं मिळून सिद्धांत होतो. आपण चौकटीतली शेवटची ओळ तेवढी उचलली.

नदीचंच बघू. कृष्णा ही प्रत्यक्षात भलती गुंतागुंतीची गोष्ट आहे. वळणं, डोह, पुलांचे खांब, काठची झाडी, वाळू उपशानं पडलेले खड्डे. सगळं धरून बसलं तर पहिली ओळसुद्धा लिहिता येणार नाही. म्हणून सिद्धांत मांडणारा माणूस आधी टाकून द्यायला लागतो. समजा पात्र सरळ आहे, खोलीच्या मानानं रुंदी पुष्कळ आहे, उतार सगळीकडं सारखा आहे. मग पाण्याला उताराकडं ओढणारं वजन आणि तळाचं घर्षण यांचा तोल बसवायचा. घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरलं, तर वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतो, म्हणजे घात १/२. नद्या-कालव्यांवरची मोजमापं मात्र २/३ च्या जवळचा घात दाखवतात, आणि अभियंते वापरतात तो मॅनिंगचा नियम २/३ चाच आहे. कागदावरचा तर्क तुम्हाला जवळपास आणून सोडतो, शेवटचं पाऊल मोजपट्टीनं टाकावं लागतं. हे लपवून ठेवायचं काही कारण नाही.

आता विसर्ग म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग. रुंदी तीच असेल तर क्षेत्रफळ खोलीच्या प्रमाणात वाढतं, वेग २/३ घाताच्या प्रमाणात. दोन्ही मिळून विसर्ग खोलीच्या ५/३ घाताच्या प्रमाणात. उलट फिरवलं तर खोली विसर्गाच्या ३/५ घाताच्या प्रमाणात. म्हणजे विसर्ग दुप्पट झाला तर खोली दुप्पट होत नाही, सुमारे १.५२ पट होते. समजा एक लाख क्युसेकला ३० फूट खोली असेल, तर दोन लाखांना साडेपंचेचाळीस आणि तीन लाखांना ५८ च्या आसपास. पहिल्या जादा लाखानं साडेपंधरा फूट वाढवले, दुसऱ्यानं साडेबारा. त्रैराशिकवाला इथं ६० आणि ९० सांगून बसलेला असतो.

यात एक खड्डा असा आहे की त्यात भलेभले पडतात. पुलावरची पट्टी खोली दाखवत नाही, पातळी दाखवते. पट्टीचा शून्य नदीच्या तळाशी असेलच असं नाही. सूत्रातली खोली तळापासून मोजलेली असते, पट्टीवरचा आकडा पट्टीच्या शून्यापासून. पट्टीवरचा आकडा सरळ सूत्रात घातला की उत्तर चुकलंच, आणि गंमत म्हणजे गुणाकार-भागाकार सगळे बरोबर असतात. परीक्षेत असा विद्यार्थी गुण मिळवून जातो.

पुढं अटी मोडायला लागतात. पाणी काठ सोडून मळ्यात शिरलं की रुंदी तीच राहिली नाही. एक फूट चढायला आता कितीतरी जास्त पाणी लागतं. शिवाय उसाच्या फडातून वाहणारं पाणी पात्रातल्या पाण्यासारखं वाहत नाही. तिथं घर्षण कैकपट, म्हणून ते पसरतं आणि थांबतं. पातळी सावकाश चढते, पण उतरतेही सावकाश, आणि पूर ओसरायला दिवसेंदिवस लागतात. दुसरं असं की हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळतात, आणि हे दोन्ही संगम आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला आहेत. त्या नद्या भरलेल्या असतील तर कोयनेतून तेवढाच विसर्ग असूनही सांगलीची पट्टी वेगळा आकडा दाखवेल. तिसरं, त्याच पातळीला चढत्या पुरात विसर्ग जास्त असतो आणि उतरत्या पुरात कमी, कारण चढताना पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार जास्त असतो. विसर्ग आणि पातळी यांचा आलेख काढला तर एक रेघ येत नाही, फास येतो. एका पातळीला एकच विसर्ग ही समजूत तिथंच संपते.

पुराची लाट किती वेगानं येते, हा याच गणिताचा मला सर्वांत देखणा वाटणारा भाग. नदीचा एक तुकडा घ्या. आत आलेलं पाणी वजा बाहेर गेलेलं पाणी म्हणजे तुकड्यात साठलेलं पाणी. पाणी हवेत नाहीसं होत नाही, एवढंच गृहीत. यातून लाटेचा वेग म्हणजे विसर्गाचं क्षेत्रफळाच्या संदर्भातलं डेरिव्हेटिव्ह (क्षेत्रफळ जरासं वाढलं तर विसर्ग किती वाढतो तो दर) असं येतं. विसर्ग क्षेत्रफळाच्या ५/३ घाताच्या प्रमाणात असेल, तर बारावीचं कुणीही पोर डेरिव्हेटिव्ह घेऊन सांगेल की लाटेचा वेग पाण्याच्या वेगाच्या ५/३ पट आहे. पाणी सेकंदाला दीड मीटर, म्हणजे ताशी ५.४ किलोमीटर वाहत असेल, तर पुराची लाट ताशी ९ किलोमीटरनं सरकते. शंभर किलोमीटरला पाण्याला साडेअठरा तास लागतात, लाटेला ११. म्हणजे कोयनेतून सुटलेलं पाणी सांगलीत पोचण्याआधीच सांगलीचं पाणी चढायला लागतं. आयर्विनखाली पहिल्यांदा वाढतं ते वाटेत आधीच असलेलं पाणी, मागच्यानं पुढं रेटलेलं. पाण्याच्या वेगावरून वेळ काढणारा माणूस इथं सात-साडेसात तास उशीर करतो, आणि पुरात तेवढ्या तासांत तळमजला रिकामा होतो किंवा होत नाही. अर्थात पाणी काठाबाहेर पसरलं की हाही हिशोब ढिला पडतो. लाट मंदावते आणि चपटी होते.

खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणामुळं सांगलीत पूर चढतो का, हा वाद याच गणिताजवळ येऊन थांबतो, म्हणून दोन वाक्यं. संथ पाण्यात उठलेली, खोलीच्या मानानं पुष्कळ लांब असलेली लहर खोली गुणिले गुरुत्वत्वरण याच्या वर्गमुळाएवढ्या वेगानं पळते. दहा मीटर खोलीला तो सेकंदाला जवळपास दहा मीटर येतो. नदी दीड-दोन मीटरनं वाहत असताना ही लहर प्रवाहाविरुद्ध सहज वर चढते, त्यामुळं "खालच्या धरणाचा वरच्या गावावर परिणाम होऊच शकत नाही" हे विधान भौतिकशास्त्राच्या नावावर करता येत नाही. पण परिणाम होऊ शकतो म्हणजे किती होतो हे ठरलं असंही नाही. फुगवट्याची, म्हणजे धरणामुळं मागं तुंबलेल्या पाण्याची, लांबी ढोबळमानानं खोली भागिले उतार. उतार किलोमीटरला २० सेंटिमीटर धरला आणि खोली दहा मीटर, तर ५० किलोमीटर. उतार निम्मा निघाला तर १००. म्हणजे सगळा वाद ज्या आकड्यावर फिरायला हवा तो आकडा म्हणजे पुराच्या दिवशी ठिकठिकाणी मोजलेला पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार. सभांमधून तो ऐकू येत नाही. सिद्धांत इथं कुणाला दोषी किंवा निर्दोष ठरवत नाही. काय मोजायचं ते सांगतो. वादात दोन्ही बाजूंना नेमकं तेवढंच नको असतं, हा भाग वेगळा.

आता शाळा-कॉलेजकडं वळू. वर वापरलेलं गणित कुठलं होतं? घातांक, वर्गमूळ, एक डेरिव्हेटिव्ह. सगळं बारावीचं. मग बारावी झालेल्या मुलाला हे का जमत नाही? कारण त्याला भौतिकशास्त्र मिळतं ते नोट्सच्या चौकटींमधून. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. चोपन्न सेकंदांत सूत्र आठवायचं, आकडे घालायचे, गोळा काळा करायचा किंवा बटण दाबायचं. या घाईत पहिली छाटणी होते ती अटींची. "लहान कोनासाठी", "हवेचा विरोध नगण्य असताना", "स्थिर तापमानाला" हे शब्द चौकटीबाहेर राहतात आणि पुढच्या आवृत्तीत गळून पडतात.

लंबकाचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. एक मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल २.००६ सेकंद, वीस आंदोलनांना ४०.१ सेकंद. अट: कोन लहान हवा. लहान म्हणजे किती? बहुतेक मुलं "दहा अंशांपेक्षा कमी" म्हणतात. दहाच का, हे विचारलं की गप्प. उत्तर असं निघतं. सूत्र काढताना आपण कोनाच्या साइनऐवजी कोनच घेतलेला असतो, आणि तोही रेडियनमध्ये. अंशात घेतला की सगळंच वाया. त्या चोरीची पहिली भरपाई म्हणजे आवर्तकाल साधारण कोनाच्या वर्गाच्या सोळाव्या हिश्श्यानं वाढतो. दहा अंशांना ही वाढ ०.१९ टक्के, म्हणजे वीस आंदोलनांत ०.०८ सेकंद. स्टॉपवॉच हातानं सुरू-बंद करताना एक-दोन दशांश सेकंद इकडंतिकडं होतातच. म्हणजे दहा अंशांची चूक आपल्या घड्याळाला दिसतच नाही. तीस अंशांना ती ०.७ सेकंद होते, तेव्हा दिसते. साठ अंशांना तीन सेकंद, तेव्हा डोळे झाकूनही कळेल. थोडक्यात, लहान कोन म्हणजे किती लहान हे हातातलं घड्याळ ठरवतं. घड्याळ हजारपट अचूक असेल तर दहा अंशही मोठे. एवढं समजलं तर त्या मुलाला पुढं आयुष्यात कुठलंही सूत्र दिलं तरी ते विचारेल की हे कुठवर खरं?

परीक्षेची दुसरी सवय म्हणजे नको असलेलं उत्तर खोडणं. २५ मीटर उंचीच्या कड्यावरून दगड सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर फेकला, गुरुत्वत्वरण १० धरलं, तर जमिनीवर कधी पडेल? वर्गसमीकरण येतं आणि मुळं येतात ५ आणि उणे १. विद्यार्थी उणे १ वर काट मारतो आणि लिहितो, वेळ ऋण नसतो. गुण पूर्ण. पण समीकरणाला कडा ठाऊक नाही, हात ठाऊक नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की शून्य सेकंदाला दगड २५ मीटरवर आहे आणि २० च्या वेगानं वर निघालाय. असा दगड एक सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या वेगानं कुणी फेकला असता तर? एका सेकंदात तो ३० वजा ५, बरोबर २५ मीटरवर येतो आणि वेग २० उरतो. म्हणजे उणे १ हे उत्तर खरं आहे, फक्त वेगळ्या प्रश्नाचं. गणितानं न विचारलेलं सांगितलं आणि आपण ते खोडलं.

१९२८ मध्ये पॉल डिरॅकनं इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यात ऋण ऊर्जेची उत्तरं आली. त्यानं ती खोडली नाहीत. त्यांचा अर्थ लावता लावता, आधी थोडं चुकून, इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचा पण उलट विद्युतभाराचा कण असला पाहिजे इथवर तो आला, आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसनला वैश्विक किरणांच्या छायाचित्रात पॉझिट्रॉन सापडला. गणित भौतिकशास्त्रात काय काम करतं याचं याहून चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही. आपण जे गृहीत धरलं त्याला ते बांधून ठेवतं. एकदा समीकरण मान्य केलं की त्याची गोड उत्तरं घेऊन कडू उत्तरं टाकता येत नाहीत. टाकायची तर कारण द्यावं लागतं.

(त्या कड्यावरच्या दगडाचं अजून एक. शंभर ग्रॅमचा, लिंबाएवढा दगड ३० च्या वेगानं खाली येताना हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो. तेव्हा पाच सेकंद हे उत्तर हवा नसलेल्या साताऱ्यातलं आहे.)

पण गणिताचं एवढं कौतुक केल्यावर उलट बाजू दाखवलीच पाहिजे, कारण गणिताच्या सौंदर्यावर भाळून बसणारी जमातही आहे. युरेनस ग्रह न्यूटनच्या नियमांनुसार जिथं असायला हवा तिथं नव्हता. फ्रान्सच्या ल व्हेरियेनं मानलं की पलीकडं अजून एक ग्रह असून तो ओढतोय, त्याची जागा कागदावर काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेला सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. मग त्याच माणसानं बुध हाती घेतला. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू दर शतकाला थोडा जास्तच सरकतो. इतर ग्रहांची ओढ वजा करूनही ४३ विकला उरतात (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). ल व्हेरियेनं तीच युक्ती केली: सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. व्हल्कन नव्हताच. १९१५ मध्ये आइनस्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि ४३ विकला आपोआप हातात आल्या. त्याला लागलेलं वक्र अवकाशाचं गणित रीमाननं १८५४ मध्येच मांडून ठेवलं होतं, कुठल्याही ग्रहाचा विचार मनात नसताना.

म्हणजे माणूस तोच, पद्धत तीच, आकडेमोडही चोख. एकदा ग्रह मिळाला, एकदा मिळाला नाही. कागदावरून हा फरक कळत नाही. पहिल्या वेळी गृहीतात एक वस्तू कमी होती, दुसऱ्या वेळी नियमच अपुरा होता, आणि ते दुर्बिणीनंच सांगितलं. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर यांनीही हे जवळून पाहिलं. ते आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल ज्या स्थिर-स्थिती विश्वाच्या (ज्याला सुरुवात नाही, जे कायम सारखंच दिसतं) बाजूचे होते, त्याचं गणित रेखीव होतं. १९६५ मध्ये महास्फोटाची खूण मानलं जाणारं वैश्विक सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडं वळले. नारळीकर पर्यायी मांडणी करत राहिले, पण प्रत्येक वेळी निरीक्षणांशी पडताळून, आकड्यांत. स्वतःचा सिद्धांत मागं पडत असताना वागावं कसं याचा तो धडा आहे आणि तो मराठीत उपलब्ध आहे, ही आपली चैन. अलीकडं "क्वांटम" पाणी आणि "क्वांटम" अंगठ्या विकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा: कुठला आकडा किती येईल, आणि न आल्यास पैसे परत का?

गृहीत चुकीच्या ठिकाणी वापरलं की खिशाला कसं लागतं ते बघायला साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर जावं. तिथल्या पवनचक्क्यांची शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, हे नुसत्या डायमेन्शनवरून निघतं: हवेची घनता, पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ आणि वेग यांतून वॉट बनवायचे तर वेगाचा घनच यावा लागतो, दुसरी वाटच नाही. अर्धा हा गुणक गतिज ऊर्जेतून येतो. पुढचा प्रश्न, यातली किती पकडता येते? सगळी पकडली तर पात्यांमागं हवा थांबेल आणि नवी हवा आत येणार कुठून? पात्यांजवळचा वेग हा येणाऱ्या आणि जाणाऱ्या वेगांची सरासरी येतो, त्यावरून कमाल काढली की जाणारा वेग येणाऱ्याच्या एक तृतीयांश हवा, आणि पकडलेला वाटा १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के. बेट्झची मर्यादा ती हीच. बारावीचं एका चलाचं कमाल-किमान एवढंच गणित. ही मर्यादा ओलांडल्याचा दावा करणाऱ्या उघड्या पवनचक्कीची जाहिरात न वाचता फेकून द्यावी.

चूक होते ती दुसरीकडं. सरासरी वेग घेऊन त्याचा घन करायचा, हा हिशोब कागदावर अगदी साळसूद दिसतो. अर्धा वेळ वारा सेकंदाला ४ मीटर आणि अर्धा वेळ ८ मीटर असेल तर सरासरी ६, तिचा घन २१६. पण ४ चा घन ६४ आणि ८ चा ५१२, त्यांची सरासरी २८८. एक तृतीयांश फरक, नुसता सरासरी आधी काढली की नंतर यावरून. वर, पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, तिथं हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी विरळ. पुस्तकातली घनता तशीच घातली की तेवढं उत्पादन कागदावर फुकटचं वाढतं.

यावर ठरलेला आक्षेप: हे सगळं छान, पण सीईटी जवळ आलीय, मास्तरांना वेळ कुठाय? वेळ खरंच कमी आहे, आणि शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. पण डायमेन्शन तपासणं, एखादी राशी शून्य किंवा प्रचंड केली तर उत्तर शहाण्यासारखं वागतं का बघणं, या दोन सवयी चोपन्न सेकंदांतही चालतात. चारपैकी दोन पर्याय बहुतेक वेळा एवढ्यानंच गळतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सैद्धांतिक भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिलीवर भागतं, सबब ते खेड्यातही होईल, असं म्हणणारे सत्येंद्रनाथ बोसांचं नाव घेतात. बोसांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइनला आपला लेख पाठवला हे खरं. पण त्याच्या आधी त्यांनी मेघनाद साहांबरोबर आइनस्टाइनचे मूळ लेख इंग्रजीत आणले होते. ते लेख त्यांच्या हातात होते, आणि बोलायला साहांसारखा माणूस होता. कागद-पेन्सिल स्वस्त आहे. चूक दाखवणारा सोबती मिळणं स्वस्त नाही, आणि आपल्या कॉलेजांमध्ये नेमका त्याचाच दुष्काळ आहे.

त्यातून गणित आणि भौतिकशास्त्र यांच्यामध्ये आपण भिंत घातलीय. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात एकके-मापनानंतर लगेच गणिती पद्धतींचं प्रकरण ठेवलंय, सदिश आणि कलनशास्त्राची ओळख तिथंच आहे. गणिताच्या तासाला डेरिव्हेटिव्ह यायला मात्र वर्ष सरत येतं. मग भौतिकशास्त्राचे शिक्षक "हे तुम्हाला पुढं येईल" म्हणतात, आणि पुढं आल्यावर गणिताचे शिक्षक वेगाचं नावही काढत नाहीत. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेतात. त्यांना तेच भौतिकशास्त्र डेरिव्हेटिव्हशिवाय गिळावं लागतं, म्हणून डेरिव्हेशन कवितेसारखं पाठ होतं. यावर उपाय स्वस्त आहे: जून-जुलैचे सहा-आठ तास दोन्ही शिक्षकांनी एकत्र घ्यावेत, उदाहरणं भौतिकशास्त्राची, पद्धत गणिताची. ज्यांना खरोखर याच वाटेनं जायचंय त्यांना पुढं विकलक समीकरणं, रेषीय बीजगणित, संमिश्र संख्या आणि संभाव्यता यांच्याशिवाय गती नाही. जाम किंवा जेस्टसारख्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांत तेच विचारतात. पण तो मोजक्यांचा प्रश्न. अटी विचारायची सवय सगळ्यांना लागते, पूररेषेच्या आत घर बांधणाऱ्याला तर आधी.

बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शनही दर वर्षी भरतं, तिथं ज्वालामुखीतून लाल फेस येतो आणि थर्माकोलचं धरण उभं राहतं. दोन्हीकडं एक कागदी विभाग काढावा. थर्माकोल नाही, फेस नाही. एक पान, पाच ओळी: काय धरलं, काय टाकलं, आकडा किती आला, टाकलेल्यामुळं तो किती चुकेल, आणि काय मोजलं तर मी खोटा ठरेन. गुण पाचही ओळींना सारखे. तिसरी ओळ बरोबर आणि बाकी कोऱ्या, तर पाचात एक.

पहिल्या वर्षीचा प्रश्न सांगलीच्या पोरांना असा द्यावा: कोयना जिथं कृष्णेला मिळते त्या कराडपाशी विसर्ग सकाळी सहाला वाढला, आयर्विनची पट्टी किती वाजता हलेल? पट्टीजवळ वही घेऊन उभं राहायला दोघंजण लागतील, दर अर्ध्या तासाला एक नोंद.